शालूबाईंच्या गिरणीतलं प्रस्थान

कोल्हापूरहून समुद्रावर जायचं तर मध्ये सह्याद्री आडवा येतो, असं सरोजिनीबाई सरनाईक गेली वीस-बावीस वर्षं भूगोलाच्या तासाला मुलींना शिकवत आल्या होत्या. सह्याद्री बिचारा कुणाला अडवत नाही, त्याच्यातून घाट काढलेले आहेत. अडवतात ती घरची माणसं, आणि त्यांच्यातून घाट काढायची विद्या अजून कुणाला साधलेली नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी पुढच्या खोलीत नकाशा पुन्हा एकदा पसरला आणि उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. नकाशा त्यांनीच काढलेला. त्यावर निळ्या पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती. फोंडा घाट उतरून मालवण, तिथून आचरा, मग देवगड, मग विजयदुर्ग, सगळं समुद्राच्या काठाकाठानं, आणि शेवटी गगनबावड्याचा घाट चढून घरी. त्या वाटेला फारसं कुणी जात नसे. रस्ता कच्चा, मध्ये खाड्या, खाड्यांवर पूल नाहीत. पण डाव्या हाताला समुद्र सुटत नाही, असं त्यांनी वाचलं होतं, ऐकलं होतं, शिकवलं होतं. बघितलं तेवढं नव्हतं.

नकाशाभोवती मंडळ बसलं होतं. सरोजिनीबाईंचे यजमान माधवराव जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते, आणि हल्लीच एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतल्यापासून चालताना उगीच बोटावर किल्ली फिरवत. त्यांचे मित्र भाऊसो गुळाचे अडते. माधवरावांना गाडी गावात चालवता येई, पण घाट म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येई. घाट उतरवायचा तर भाऊसोच पाहिजेत, म्हणून भाऊसो मंडळाचे अध्यक्ष. आणि भिंतीला टेकून बसलेल्या माई, माधवरावांच्या आई, वय सत्तरीच्या घरात, कान तिखट आणि जीभ त्याहून.

"सगळं झ्याक हाय वहिनी," भाऊसो म्हणाले, "पर मालवणला जाताना कणकवलीत आमच्या साडूकडं थांबाय लागंल. त्येच्या दारावरनं गेलो आन् आत न्हाय गेलो, तर जल्मात तोंड दावायला जागा न्हाय."

"थांबू की," माधवराव म्हणाले. त्यांना नाही म्हणता येत नसे. पूर्वी येत असेल, ऑफिसात झिजून गेलं.

"त्यो जेवल्याबिगर सोडणार न्हाय. म्हंजी मुक्काम तितंच."

"करू की."

"मग मुरगूडला माझ्या भाचीनं काय घोडं मारलंय?" माई म्हणाल्या. "वाटंवरच हाय. आन् नव्या गाडीनं पयलं वाडीला जायचं. दत्ताच्या पाया पडल्याबिगर गाडी घाटात घालायची न्हाय. कुरुंदवाडात माझी भन हाय, तिला बी भेटून होतंय."

सरोजिनीबाईंनी नकाशावर बोट ठेवलं. "माई, समुद्र इकडं, पश्चिमेला. वाडी-कुरुंदवाड तिकडं, पूर्वेला. पश्चिमेला जायला पूर्वेला निघायचं?"

"देवाला दिशा असत्यात व्हय गं?" माई म्हणाल्या, आणि विषय मिटला.

राहता राहिल्या खाड्या. त्या पार करायला दोन होड्या जोडून वर फळ्या टाकतात आणि गाडी त्यावर चढवतात, हे सरोजिनीबाईंनी मोठ्या हौसेनं सांगितलं. माधवरावांचा चेहरा उतरला.

"माझी फियाट होडीवर? अगं, पाण्यात गेली म्हणजे? त्यापेक्षा आपण असं करू, कणकवलीवरनं हायवेनंच जाऊ सरळ. तेवढाच टायरला आराम."

"हायवेवरनं समुद्र दिसत नाही."

"वास तर येईल की," भाऊसो म्हणाले आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

माधवरावांनी खोडरबर घेतलं आणि निळी रेघ पुसायला सुरुवात केली. सरोजिनीबाई बघत राहिल्या. आचरा गेलं, देवगड गेलं, विजयदुर्ग गेलं. त्यांच्या जागी मुरगूड आलं, कुरुंदवाड आलं, कणकवलीचे साडू आले. एक मालवण तेवढं उरलं; बाकी समुद्रकाठच्या सहलीत आता समुद्र सोडून सगळं होतं. त्यांच्या मनात आलं की चारी वाट्या उचलाव्यात आणि एकेकाच्या डोक्यात घालाव्यात. त्या उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या, कारण मंडळाला चहा लागतो.

आत स्टोव्हला पंप मारताना त्यांना यशोधरा आठवली. ती नेहमीच आठवे, राग आला की जास्तच.

तीन वर्षांपूर्वी, सातवीच्या वर्गात, सरोजिनीबाई कोकणकिनारा शिकवत होत्या. भरती-ओहोटी झाली, पुळण झाली, खडकावर लाटा फुटून झाल्या. शेवटच्या बाकावरून यशोधरा उभी राहिली. सरळ मुलगी, खोट्या अदबीचं तिला वारं नव्हतं. "बाई, तुम्ही बघितलाय समुद्र?" सरोजिनीबाई म्हणाल्या, "नाही." वर्ग एकदम गप्प झाला. तो गप्पपणा त्यांना अजून टोचत होता. हसल्या असत्या पोरी तर बरं झालं असतं. मग त्या म्हणून गेल्या की येत्या दिवाळीच्या सुट्टीत मी जाणार आहे, सगळ्या किनाऱ्यानं, आणि येताना तुम्हा प्रत्येकीला एकेक शिंपला आणणार आहे.

ती दिवाळी नणंदेच्या बाळंतपणात गेली. पुढची, गाडी घ्यायची की नाही या घोळात. त्या पोरी आता दहावीला होत्या. मार्चात परीक्षा, की कोण कुठं जाईल, कुणाचं लग्न होईल, कुणी सांगावं. सुट्टी लागायच्या दिवशी यशोधरा दारात थांबून एवढंच म्हणाली होती, "औंदा तरी जाणार न्हवं बाई?" तिनं चिडवायला म्हटलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

चहा बाहेर नेताना सरोजिनीबाईंनी ठरवलं की वाडी तर वाडी, साडू तर साडू, काय हवं ते करा, पण मालवण सोडायचं नाही. एक समुद्र पुरे.

माईंनी भटजींकडून मुहूर्त काढून आणला. भाऊबीज झाल्यावरचा गुरुवार, सकाळचा. लाडू-चकल्यांचे डबे भरले. आणि घाटाआधी फियाट तपासायला दिली होती त्या गुंडू मेस्त्रीनं बुधवारी निरोप धाडला की क्लचप्लेट पुण्यावरनं यायची आहे. भाऊसोंचा निरोप त्याच्या पाठोपाठ आला. पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यापासून गुळाला भाव चढला आहे, बाजार सोडून हलता येत नाही, दोनेक दिवस दम धरा.

"मुहूर्त मोडायचा न्हाय," माई म्हणाल्या. "प्रस्थान ठेवूया."

प्रस्थान म्हणजे असं की ठरल्या वेळी माणसाला निघता येत नसेल, तर त्याच्या नावचं गाठोडं निघतं. मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि अंगावरचा एखादा कपडा बांधायचा आणि जायच्या दिशेला कुणाच्या तरी घरी नेऊन ठेवायचा. प्रवास सुरू झाला असं धरतात. मग सवडीनं निघायचं आणि जाता जाता गाठोडं उचलायचं. फक्त एक आहे, ते माघारी घरात आणायचं नसतं.

माईंनी आपलं हिरवं लुगडं बांधलं. माधवरावांनी टेरिलीनचा चांगला बुशशर्ट दिला. भाऊसोंनी टोपी पाठवली. आणि सरोजिनीबाईंनी आपली भरलेली कापडी बॅग आणून ठेवली. दोन साड्या, टॉवेल, टूथपेस्ट, फराळाचा डबा, आणि शिंपल्यांसाठी रिकामी पिशवी, सगळं होतं तसं.

"अगं, प्रस्थान ठेवायचंय, बिऱ्हाड न्हवं," माधवराव हसत म्हणाले.

"माझं जायचं खरं आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "म्हणून खरी बॅग."

गाठोडी रंकाळ्याकडच्या बाजूला, शालूबाईंच्या पिठाच्या गिरणीत गेली. शालूबाई सरोजिनीबाईंची शाळेपासूनची मैत्रीण, नवऱ्यामागं गिरणी एकटीनं चालवणारी. तिनं दळणाच्या डब्यांवरच्या फळीवर ती मांडून ठेवली. कोकणात जाणाऱ्या एसट्या तिच्या दारावरूनच जात.

दोनेक दिवसांचे आठ-नऊ झाले. सरोजिनीबाई रोज गुंडूच्या गॅरेजवर चक्कर मारत. फियाट चारी बाजूंनी उघडी पडलेली असे, आणि गुंडू तिच्याखालून म्हणे, "उद्या घिऊन जावा की बाई." त्याचा उद्या काही उजाडेना. भाऊसो म्हणत, भाव जरा बसू द्या. माधवराव म्हणत, होईल की, घाई कशाला. घाई कशाला! हा शब्द ऐकला की सरोजिनीबाईंच्या मस्तकात कळ जाई. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्या वेण्या घालत होत्या, आता केसांत चुना दिसायला लागला होता, आणि यांना घाई कशाला. सगळं प्रकरण भिजत घोंगडं होऊन पडलं होतं आणि ते वाळत घालायची कुणाला गरज वाटत नव्हती.

शनिवार उजाडला. शाळा पुढच्या गुरुवारी उघडणार होती. माधवराव दाढी करता करता म्हणाले, "सरोज, आता ह्या सुट्टीत काय जमत नाही बघ. नाताळात निवांत जाऊ. तू असं कर, शालूबाईकडनं ती गाठोडी घेऊन ये. उद्या साहेबांच्या नातवाचं बारसं आहे, आणि माझा टेरिलीनचा शर्ट त्यात अडकलाय."

सरोजिनीबाई हातात लाटणं घेऊन उभ्या होत्या. त्यांना वाटलं, आपण ओरडणार. तीन वर्षं, पुसलेली निळी रेघ, वर्गातला तो गप्पपणा, सगळं एका बुशशर्टापाशी येऊन थांबलं होतं. शर्ट नसता, तर गाठोडी तिथंच पडून राहिली असती आणि कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

"प्रस्थान माघारी आणत न्हाईत," माई आतून म्हणाल्या.

"अगं आई, मग मी बारशाला काय घालू?"

"काय बी घाल. माघारी आणत न्हाईत." माई दारापर्यंत आल्या. "एवढ्या वर्षांत ह्या घरात कुणी आणल्यालं न्हाय."

सरोजिनीबाईंनी लाटणं ठेवलं, पदर खोचलेला सोडला, पर्स घेतली आणि बाहेर पडल्या.

गिरणीत घरघर चालू होती आणि सगळ्या जागेत गरम पिठाचा वास भरला होता. फळीवरची चारी गाठोडी पांढरी झाली होती. सरोजिनीबाईंनी शर्टाचं गाठोडं उचललं. पिसासारखं हलकं. मग त्यांनी बॅगेचा बंद धरला, आणि ती उचलायला हाताला जोर लावावा लागला.

शालूबाईंनी पट्टा सोडून गिरणी थांबवली. "काय गं? निघालासा?"

"नाही. माघारी न्यायला पाठवलंय."

"माघारी?" शालूबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "शर्टासाठी असंल."

"तुला कसं कळलं?"

"दोनदा माणूस धाडलं हुतं माधवरावांनी, शर्ट तेवढा काढून द्या म्हणून. म्या सांगितलं, प्रस्थान सोडायचं नसतंय." शालूबाई जवळ आल्या. "सरू, रागावू नगंस, पर तुमच्या घरात एकालाच जायचंय. बाकीच्यास्नी नुसतं ठरवायचंय."

सरोजिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. संतापाचं पाणी, दुसरं काही नाही. कुठलाही बेत मंडळाशिवाय करता येतो हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं. एवढी शिकलेली बाई, महिन्याला पगार आणणारी, आणि घाट म्हटलं की गाडी पाहिजे, गाडी म्हटलं की भाऊसो पाहिजेत, भाऊसो म्हटलं की त्यांचा साडू. स्वतःचाच राग आला त्यांना, सगळ्यांत जास्त.

त्यांनी शर्टाचं गाठोडं परत फळीवर ठेवलं. बॅगेवरचं पीठ पदरानं झटकलं.

"मालवण गाडी कधी आहे गं?"

"आत्ता यील की. हितंच हात करायचा."

"घरी निरोप दे. म्हणावं, प्रस्थान माघारी आणायचं नसतं, म्हणून पुढं घेऊन गेले."

गाडी आली, शालूबाईंनीच रस्त्याच्या मध्ये उभं राहून हात केला. ड्रायव्हर पिठानं माखलेली बाई बघून दचकून थांबला. कंडक्टर म्हणाला, "बसा पावणं, लवकर." सरोजिनीबाई खिडकीपाशी बसल्या. राधानगरीपर्यंत त्यांना नवऱ्याला काय काय सुनवायचं होतं तेच सुचत राहिलं. घाटात गाडी वळणं घ्यायला लागली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की पोटात गोळा वगैरे काही येत नाही. ड्रायव्हर विडी ओढत, एका हातानं, मजेत उतरत होता.

आणि उन्हं कलायच्या आत समुद्र समोर होता.

त्या वाळूत बॅग घेऊन उभ्या राहिल्या. इतका मोठा असेल असं वाटलं नव्हतं, वगैरे त्यांना पुढं कधीतरी सुचलं. त्या क्षणी मनात आलं ते एवढंच, की सकाळी मी पोळ्या लाटत होते. सकाळी पोळ्या आणि दुपारी समुद्र! इतका जवळ होता हा. एवढ्या जवळच्या गोष्टीसाठी माझं अर्धं आयुष्य नमनाला घडाभर तेल जाळत बसलं! त्या पाण्यात गुडघाभर गेल्या आणि रडल्या. साडी भिजली, भिजू दिली.

मग त्या किनाऱ्यानं निघाल्या, निळ्या रेघेवरनं, मिळेल त्या एसटीनं. आचऱ्याची खाडी होडीतून ओलांडली. शेजारी दोन होड्या जोडून त्यावर एक जीप चालली होती, आणि जीपवाला तिच्या बॉनेटवर बसून केळं खात होता. सरोजिनीबाईंना हसू आलं आणि लगेच रागही आला. देवगडला एका शिक्षिकेच्या घरी राहिल्या, विजयदुर्गाला लाटांकडं बघत शेवटचा लाडू संपवला. शिंपल्यांची पिशवी भरली.

घरी आल्या तेव्हा माधवराव त्यांच्याशी बोलले नाहीत. शेजारीपाजारी त्यांनी 'माहेरी गेली आहे' असं सांगून ठेवलं होतं. बारशाला ते जुन्या शर्टावर गेले होते, कारण शालूबाईंनी गाठोडं दिलंच नाही. "एक गेलंय म्हंजी समद्यांचा प्रवास सुरू झालाय," असं तिनं त्यांना गिरणीच्या घरघरीतून ओरडून सांगितलं होतं.

गुरुवारी शाळा उघडली. दहावीच्या वर्गात सरोजिनीबाईंनी टेबलावर पिशवी उपडी केली. वाळूसकट शिंपले पसरले. पोरी गोळा झाल्या. यशोधरानं एक उचलला, कानाला लावला, परत खाली बघितलं.

"बाई, बघितला?"

"बघितला," त्या म्हणाल्या. पुढं चार वाक्यं तयार केली होती, ती काही आली नाहीत. पण ह्या वेळच्या गप्पपणानं काही टोचलं नाही.

त्या दिवशी दुपारी घरी आल्यावर त्यांनी बॅगेच्या तळातली बाटली काढली. उद्या सातवीच्या वर्गात दाखवायला म्हणून समुद्राचं पाणी भरून आणलेलं. स्वयंपाकघरात माई शेंगा सोलत होत्या. आल्यापासून त्याही काही बोलल्या नव्हत्या. सरोजिनीबाईंना वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार.

"काय हाय त्यात?" माईंनी विचारलं.

"समुद्राचं पाणी."

माईंनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि हात पुढं केला. सरोजिनीबाईंनी तळव्यावर थोडं ओतलं. माईंनी बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं. पुन्हा एकदा लावलं.

"खारटच हाय की गं. म्या म्हणलं, उगंच सांगत्यात." बराच वेळ त्या ओल्या तळव्याकडं बघत राहिल्या. "आमचं मालक म्हणायचं, न्हितो न्हितो. जाताना ठरवतच गेलं बिचारं."

सरोजिनीबाईंनी बाटलीचं बूच लावलं.

"माझं लुगडं हाय न्हवं शालीच्या गिरणीत?" माई म्हणाल्या.

"आहे."

"मग त्ये कुठं माघारी येतंय? त्येला पुढंच न्ह्याय लागतंय." माईंनी हात लुगड्याला पुसला, सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि आवाज खाली आणला. "येत्या रविवारी गाडी किती वाजता हाय बघून ये. आन् भाऊसोला काय बी सांगू नगंस."